खिंडीत बंद पडणारी जीप

दिवाळी झाली की आमचा पाडा रिकामा व्हायचा. कोंबड्या टोपल्यांत, भांडी गोणीत, दाराला काटेरी फांद्यांचं झाप लावायचं आणि सगळं बिऱ्हाड भिवंडीकडच्या वीटभट्टीवर. आमची जमीन डोंगरउताराची. पावसावर एकदा भात आणि वरच्या तुकड्यात नागली, बस. ते होळीपर्यंतही पुरायचं नाही. म्हणून पुढचे महिने भट्टी. आई माती कालवायची, साचे मारायची. बाबा मालकाचा ट्रॅक्टर चालवायचा. मला राखेचा खोकला लागला होता तो आश्रमशाळेत गेल्यावर सुटला. आश्रमशाळेत मला घातलं ते शिकावं म्हणून नव्हे. तिथे दोन वेळ जेवायला मिळायचं म्हणून. हे मी कुणापासून लपवत नाही.

पण मी शिकले. पालघरच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं, केमिस्ट्री घेऊन. आमच्या घरात ग्रॅज्युएट झालेली मी पहिली, पाड्यातही पहिली. तारापूर एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी मिरवते. न मिरवण्याइतकं काही मला फुकट मिळालेलं नाही.

नोकरी लागली त्याच्या पुढच्याच वर्षी घरात जीप आली. शिरगावला एका वाडीवाल्याकडे बाबा नारळ उतरवायला आणि चिकू वाहायला जायचा. त्या माणसाची जुनी पेट्रोलची जीप होती, चारही चाकांना ताकद देणारा दांडा असलेली, मागे लांब बाकं असलेली. पेट्रोल परवडेना म्हणून त्याने तिला गॅसचा किट बसवून घेतला होता, कागदोपत्री, आरटीओच्या नोंदीसकट. मुलं मुंबईला गेली, वाडी भाड्याने दिली, तेव्हा दोन हंगामांच्या मजुरीच्या बदल्यात त्याने ती बाबाला दिली.

आमच्या पाड्यापर्यंत डांबरी रस्ता नाही. मधे एक ओहोळ आहे, त्याच्यापुढे दगडांची चढण, मग खिंड, खिंडीपलीकडे डांबर. टेम्पो, रिक्षा, काही येत नाही. जीप येते. मी कामावर जाताना बाबा मला सोडायचा. मग कुंभवलीजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला बायका पाहिजेत असं मला कळलं, आणि मी ठेकेदाराला जाऊन सांगितलं की आमच्या पाड्यातल्या बायका येतील, रोज येतील, वेळेवर येतील. आई, आत्या, शेजारच्या दोन सुना, वरच्या आळीतल्या चौघी. जीप भरली. त्या वर्षी दिवाळीनंतर पाडा रिकामा झाला नाही. पाड्यात चुली पेटत्या राहिल्या आणि शाळेच्या मास्तरांनी थंडीच्या दिवसांत पहिल्यांदा पूर्ण पट बघितला.

"वेळेवर येतील" हे मी म्हणाले होते. त्यामुळे जीप बंद पडायला लागली तेव्हा झोप माझी उडाली.

पहिल्यांदा बंद पडली ती खिंडीत. भातकापणी नुकतीच आटपली होती. इंजिनने दोन आचके दिले आणि गाडी गप. बाबाने हँडब्रेक ओढला. मागे बायका एकमेकींवर कलंडल्या.

आत्या पुढे माझ्या शेजारी बसायची. तिची जीभ तिखट. "काय रे दादा, तुझ्या म्हशीला बसायला हीच जागा भेटली?"

"गप गो," बाबा म्हणाला. "मीटर सांगतोय अजून गॅस हाय."

आमच्या गाडीत गॅस किती उरला ते डॅशबोर्डवर कळत नाही. ते दिवे कधीच गेलेत. मागे टाकीवर एक छोटा काटा आहे, पण त्याची काच धुरकट झाली आहे. बाबाची रीत निराळी. गॅस भरला की किलोमीटरचा आकडा खडूने डॅशबोर्डवर लिहायचा, आणि ठरावीक अंतर झालं की पुन्हा पंपावर. ऑटोगॅसचे पंप आमच्याकडे बोटावर मोजण्याइतके, त्यामुळे हिशेब चुकवून चालत नाही. पेट्रोलची टाकी नावापुरती. सकाळी गाडी चालू करायला थोडं पेट्रोल, की लगेच बटण गॅसवर.

त्या दिवशी बाबाने पेट्रोलवर ढकलत गाडी पंपापर्यंत नेली. गॅस खरंच संपला होता. खडूच्या आकड्याप्रमाणे बराच उरायला हवा होता. म्हणजे मीटर कमी मोजत होता.

मी तेव्हापासून मीटरमधल्या वेगाच्या काट्याकडे बघायला लागले. सपाटीवर काटा नीट असायचा. जरा वेग घेतला की थरथरायचा, एकदम वर उडायचा, पडायचा, आणि कधीकधी नुसताच शून्यावर पडून राहायचा. गाडी पळतेय आणि काटा म्हणतोय उभी आहे. तो पडून राहिला की आकडेही थांबायचे. बाबाचा हिशेब त्या थांबलेल्या आकड्यांवर चाललेला.

"काट्याचं काय एवढं," बाबा म्हणाला. "माझ्या कानाला वेग कळतो."

"कानाला गॅस कळतो का?"

त्याने खडू खिशात टाकला. पण शुक्रवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही बोईसरला एका मेकॅनिककडे गेलो. गॅसच्या गाड्या बघणारा तो तिथे एकटाच. त्याने मीटरची केबल वरून सोडली, तेल सोडलं, परत लावली. गॅसचा फिल्टर बदलला. बॉनेटमध्ये हात घालून म्हणाला, "मैडम, वेपोराइजर भी गया समझो. नया डालो, टेन्शन खतम."

"गया समझो म्हणजे गया, की समझो?" मी विचारलं.

तो हसला. "आप पढ़ी-लिखी हैं, आप ही देख लो."

टोमणा होता. मी तो घेतला. नवा व्हेपोरायझर घेतला नाही, निघून आलो.

आठवडा बरा गेला. मग थंडी पडली आणि जीप पुन्हा खिंडीत थांबली. या वेळी टाकी भरलेली होती. मी खाली उतरून बॉनेट उघडलं. व्हेपोरायझर म्हणजे वाटीच्या आकाराची धातूची डबी. टाकीतून द्रवरूपात आलेला गॅस तिथे वायू होतो. त्या डबीवर पांढरं हिव धरलं होतं, फ्रिजच्या खणात धरतं तसं. बायका बघायला जमल्या. इंजिनाच्या पोटात बर्फ बघून आत्याने कपाळाला हात लावला.

"आग लागते त्या गॅसला, नि वर बर्फ?"

मला मात्र आनंद झाला. हे मी वर्गात शिकले होते. द्रवाचा वायू होताना तो उष्णता ओढून घेतो. म्हणून त्या डबीत इंजिनाचं गरम पाणी फिरवतात. हिव धरलं म्हणजे गरम पाणी पोहोचत नाही. मी रेडिएटरचं झाकण उघडण्याआधी इंजिन निवू दिलं, मग बघितलं. पाणी बरंच खाली. डबीकडे जाणाऱ्या रबरी नळीचा पट्टा ढिला होता आणि तिथून थेंब थेंब पाणी जात होतं. पट्टा आवळला, ओहोळाचं पाणी फडक्यातून गाळून ओतलं, नळी हाताने दाबून दाबून आतली हवा काढली. गाडी चालू केली. थोड्या वेळाने डबीवरचं हिव वितळून पाणी ओघळलं.

बाबा डबीला हात लावून बघत होता. "गरम झाली," तो म्हणाला.

"झालीच पाहिजे," मी म्हणाले. संध्याकाळी येताना मी मेकॅनिकच्या दुकानासमोर गाडी थांबवायला लावली आणि त्याला सांगितलं की व्हेपोरायझर शाबूत आहे. त्याने हात जोडून दाखवले. आत्या गाडीतून ओरडली, "भाऊ, आमच्या पोरीला दुकानावर बसव. तू घरी जा."

आम्ही हसत घरी आलो. मला वाटलं, झालं.

झालं नव्हतं. चार-पाच दिवसांनी कुंभवलीच्या अलीकडे, सपाट रस्त्यावर, चांगला वेग असताना गाडी बंद पडली. डबी गरम. टाकीत गॅस. बाबाने दोनदा चावी फिरवली, तिसऱ्यांदा ती आपोआप चालू झाली, जणू काही घडलंच नाही. पुन्हा थोडं पुढे बंद. पुन्हा चालू. गेटवर पोहोचलो तेव्हा पाळी सुरू झाली होती आणि गेट लावलेलं.

ठेकेदार गेटबाहेर खुर्ची टाकून बसला होता. वयाने बाबाएवढा, पण बाबाला एकेरीत बोलणारा. "तुझ्या गाडीला रोज मुहूर्त लागतो का रे?"

"गॅसचा लोच्या झालाय, शेठ."

"लोच्या तुझ्याकडे. माझ्याकडे लाइन थांबते." मग तो माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही शब्द दिलेला. बोईसरच्या चाळीत बायका उभ्या आहेत, चालत येतात, गाडी नको, काही नको. शनिवारपासून एकदा जरी उशीर झाला तर या सगळ्या बंद. मग मला फोन करायचा नाही."

त्या दिवशी बायकांचा खाडा झाला. बाबा त्यांना घेऊन पाड्याकडे वळला.  मी माझ्या कामावर गेले, पण प्रयोगशाळेत माझं लक्ष लागेना.

त्याच आठवड्यात भट्टीचा मुकादम पाड्यात दिसायला लागला. तो दरवर्षी उचल देऊन माणसं न्यायला यायचा. गेली दोन वर्षं त्याला आमच्या आळीत कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आता तो वरच्या आळीतल्या एका घराच्या ओट्यावर बसलेला मी पाहिला. त्या घरातली सून आमच्या जीपने कामाला जायची. मला बघून तिने पदर सारखा केला आणि आत गेली. मी तिला काय म्हणणार होते? तिला दोन लहान मुलं. ती कुणाच्या शब्दावर थांबेल, माझ्या?

घरी आल्यावर बाबा म्हणाला, "गाडी म्हातारी झाली. मी पन झालो. त्याला काय करनार."

"म्हातारी गाडी सगळीकडे बंद पडली असती," मी म्हणाले. "ही ठरून बंद पडते."

हे मी नुसतं बोलायला बोलले नव्हते. मी सगळ्या वेळा आठवून बघत होते. पहिली वेळ गॅस संपल्याची, ती बाजूला ठेवली. दुसरी बर्फाची, तीही बाजूला. बाकीच्या वेळी काय सारखं होतं? गाडीत मी पुढे मधल्या जागेवर बसते, मीटर माझ्या डोळ्यांसमोर. गाडी बंद पडायच्या आधी काटा उडत होता. दर वेळी. आधी काटा थरथरायचा, मग उडायचा, मग इंजिन आचका द्यायचं. हळू चालवली तर काटा शांत आणि गाडीही शांत. मी सगळ्यांसारखं धरून चालले होते की काटा एक बिघाड आणि गॅस दुसरा. काटा चाकाच्या फिरण्यावर चालतो, केबलने. त्याला गॅसशी काय देणंघेणं?

त्याच आठवड्याच्या शुक्रवारी सकाळी मी जीप अंगणात घेतली. हातात एकच दिवस होता. शनिवारी पहिली पाळी.

आधी साबणाचं पाणी केलं आणि टाकीपासून इंजिनापर्यंत गॅसच्या नळीच्या सगळ्या सांध्यांवर लावलं. एक बुडबुडा नाही. गळती नाही. मग आईला गाडीत बसवलं आणि इंजिन चालू न करता फक्त चावी फिरवून गॅसचं बटण दाबायला सांगितलं. बॉनेटमध्ये गॅसची वाट उघडणारी एक विजेवर चालणारी झडप असते. वीज आली की ती उघडते आणि 'टक' असा आवाज येतो. वीज गेली की बंद होते, गॅस थांबतो. बटण दाबल्यावर आमच्या गाडीत ती झडप काही क्षणच उघडी राहते, तेवढ्यात मला काम करायचं होतं.

"दाब," मी म्हणाले.

टक.

मी खिडकीतून हात घालून मीटरच्या मागची केबल धरली आणि हलवली. टक. टक-टक. टक.

आई घाबरली. "मी काय नाय केला गो!"

"तू काही केलं नाहीस. पुन्हा दाब."

केबल हलवली की झडप बंद-उघड होत होती. काटा आणि गॅस एकाच जागी भांडत होते, आणि ती जागा डॅशबोर्डच्या आत होती. मी मागची टाकी बंद केली, बॅटरीची तार सोडली, मीटरचे स्क्रू काढले आणि मीटर पुढे ओढला.

आतून भाताचं तूस माझ्या मांडीवर पडलं.

मी टॉर्च लावून आत बघितलं. केबलला लाल दोऱ्याने भाताच्या कणसांच्या जुड्या बांधलेल्या होत्या. एक नव्हे, तीन. सगळ्यात वरची नवी, पिवळीजर्द. खालच्या काळ्या पडलेल्या. मधे उंदराचं घर, चिंध्यांचं, कापसाचं, बाकाच्या स्पंजचं. बहुतेक कणसांना दाणा उरला नव्हता. दाणे संपल्यावर त्याने जवळची वायर चावली होती. ती नेमकी गॅसच्या झडपेला वीज नेणारी वायर. वरचं प्लॅस्टिक गेलेलं, आतल्या तांब्याच्या तारा एक-दोन सोडून तुटलेल्या. आणि जुड्यांच्या ओझ्याने, दोऱ्याच्या ताणाने केबल कोपरासारखी वाकलेली. अशी वाकलेली केबल वेगात फिरली की चाबकासारखी हापटे. काटा उडे. शेजारची वायर हिसके खाई. वीज जाई. गॅस बंद.

आमच्या घरची रीत आहे. नवं भात कापलं की पहिल्या कणसांची जुडी घरातल्या देवाला, एक भाताच्या कणगीला, एक नांगराला. आणि जीप आली त्या वर्षापासून एक जीपला. बाहेर बांधली तर गुरं खातात, रस्त्यात पडते, म्हणून बाबा ती आत, मीटरच्या मागे बांधायचा. मला माहीत होतं की तो बांधतो. त्या वेळी नारळ फोडतो, मी प्रसाद खाते. मागच्या वर्षीच्या जुडीचं काय होतं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

बाबा ओट्यावर विडी ओढत होता. मी त्याला बोलावलं, आत टॉर्च धरली.

त्याने वाकून बघितलं. मग म्हणाला, "वायर नवी लाव. कनसां नको काढू."

"कणसांमुळेच उंदीर आला."

"उंदीर कुठं बी येतो."

"दाणा असेल तिथे येतो. आणि केबल बघ कशी वाकलीय. वायर नवी लावली तर महिन्याने तीही चावेल."

"ती काढायची नाय," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण मी त्याला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "ही बांधली त्या वर्षी आपन भट्टीवर नाय गेलो. दुसऱ्या वर्षी नाय. तिसऱ्या नाय. तुला कॉलेजात हे शिकवतां काय, की देवाचा काढून टाक?"

मी जे बोलले ते स्पष्ट बोलले. "भट्टीवर नाही गेलो कारण या बायका पॅकिंग करतात. त्या पॅकिंग करतात कारण गाडी वेळेवर पोहोचते. उद्या पोहोचली नाही तर मुकादम ओट्यावर बसलेलाच आहे."

तो विडी टाकून गेला. ओहोळाच्या दिशेने. मी मीटर मांडीवर घेऊन बसून राहिले. मी माझ्या हाताने ती कणसं काढू शकले असते. एक कात्री लागली असती. पण त्या गाडीत रोज सकाळी तो बसणार होता. मनात भीती ठेवून त्याने ती चालवायला नको होती.

आई इतका वेळ ड्रायव्हरच्या जागेवर गॅसच्या बटणावर बोट ठेवून बसली होती. उतरायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"नांगराची कनसां कधी उतरवतो आपन?" तिने विचारलं.

"पेरणीला," मी म्हणाले. नांगर बाहेर काढला की जुनी जुडी सोडतात, तिचे दाणे बियाण्यात मिसळतात. ते मला लहानपणापासून माहीत होतं.

"नि कणगीची?"

"कणगी रिकामी झाली की."

"मंग ह्यांची कोन उतरवनार? गाडीला पेरनी नाय, कणगीवानी रिकामी होत नाय. तुझा बाबा बांधत गेला. उतरवायचा दिवसच नाय आला." ती खाली उतरली आणि पदर खोचला. "देवाचा दाना उंदराला चारायचा, ही कुठली रीत? थांब."

ती ओहोळाकडे गेली. दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. लांबून आईचे हात हलताना दिसत होते. बाबा पाठमोरा. मधे आत्या कुठून तरी उगवली आणि तिघं झाले. आत्याचा आवाज मात्र पाड्यापर्यंत आला. "उद्या गेटावर त्या मेल्याचा टोमना मी नाय खानार, सांगून ठेवते!"

परत आला तेव्हा बाबाने पाय धुतलेले होते. त्याच्या हातात सूप होतं. त्याने मला बाजूला केलं, डॅशबोर्डखाली पाठीवर निजला आणि एक-एक दोरा दातांनी तोडत सगळ्या जुड्या उतरवल्या. खालची, सगळ्यात काळी, हातात घेतल्यावर भुगाच झाली. तो भुगाही त्याने सुपात घेतला. शेवटी उंदराचं घर ओढून काढलं आणि ते मात्र लांब फेकलं.

सूप आईने आत नेलं. उरलेले मोजके दाणे बियाण्याच्या मडक्यात टाकले.

"आता तुझा काम कर," बाबा म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.

दुपारी मीटर आणि बॅटरी तात्पुरती जोडून आम्ही पालघरला गेलो, हळू, काटा उडणार नाही इतक्याच वेगाने. आमच्या जुन्या गाडीची केबल मिळत नव्हती. दोन दुकानांत नाही म्हणाले. तिसऱ्यात एका दुसऱ्या गाडीची मिळाली, टोकाला जुळणारी, पण लांबीला जास्त. दुकानदार म्हणाला, कापून देतो. मी नको म्हणाले. जास्तीची लांबी मला हवीच होती. केबलला मोठं, सैल वळण दिलं की ती हापटत नाही. घरी येऊन आतल्या तारेला ग्रीस लावलं, केबल बसवली, वरचा नट हाताने आवळला. चावलेली वायर पूर्ण काढून नवी टाकली, तिला कडक नळीत घातलं आणि केबलपासून दूर, दुसऱ्या बाजूने नेली. बॅटरी जोडली, टाकी उघडली.

आईने न सांगता बटण दाबलं. टक. मी केबल धरून जोरात हलवली. काही आवाज नाही.

तरीही मला खात्री नव्हती. याआधीही मला "झालं" वाटलं होतं आणि नव्हतं झालं. संध्याकाळ व्हायच्या आत खिंडीपर्यंत एक फेरी मारून बघू म्हटलं तर रिकाम्या गाडीचा काय भरवसा? आत्याने वरच्या आळीला हाक मारली. सगळ्या बायका सुट्टीच्या दिवशी, कुणी भाकरी अर्धी टाकून, येऊन बाकांवर बसल्या. ती सूनसुद्धा आली, धाकट्याला कडेवर घेऊन. खिंडीतून वर, पलीकडे डांबरावर, वेग घेऊन, परत. जीप थांबली नाही. पण कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उतरताना त्या सुनेने मला हळूच विचारलं, "उद्या बी अशीच चालंल ना?"

मी म्हणाले, "चालेल." ते मी तिला सांगत होते की स्वतःला, मला आजही माहीत नाही.

शनिवारी बाबाने आंघोळ करून गाडी चालू केली. मी मधल्या जागेवर. खिंड चढताना माझी नजर काट्यावरच होती. काटा हळूहळू वर सरकत गेला, सरळ. बाबाची नजरही दोनदा तिकडे गेली. मला त्याने ते कळू दिलं नाही. कुंभवलीच्या अलीकडच्या सपाट रस्त्यावर त्याने वेग वाढवला. ज्या जागी मागच्या वेळी गाडी बंद पडली होती तिथे मागे बायकांची कुजबुज थांबली. आत्याने माझं मनगट धरलं होतं. ते मला नंतर, गेटवर तिने सोडलं तेव्हा कळलं.

गेट उघडं होतं. ठेकेदाराने मोबाइलवर वेळ बघितली, गाडीकडे बघितलं आणि मोबाइल खिशात टाकला. बायका खाली उतरून आत गेल्या.

जीप अजून जुनीच आहे. मी दर महिन्याला पाणी बघते, सांध्यांना साबण लावते, मीटरमागे टॉर्च मारते. पुढच्या भातकापणीला बाबाने जीपची जुडी बांधली ती बाकाखाली, पत्र्याच्या डब्यात. ती पेरणीच्या दिवशी त्याने उतरवली. गाडी पुन्हा कधी ना कधी बंद पडणारच, हे मला ठाऊक आहे.

पण त्या शनिवारनंतर आमच्या पाड्यातल्या बायकांना गेटवर उशीर झालेला नाही. त्यातली एकही कामावरून काढली गेली नाही, आणि एकही घर भट्टीवर गेलं नाही.